भिंतीवर यादी आणि ताटात दूधभात

पत्र थोडक्यात असं आहे (नाव, गाव काढून टाकलंय):

"ताई, मी ३९ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कोल्हापूरच्या बाजूला एकत्र कुटुंबात राहते. चार वर्षं झाली ओटीपोटात कळ येते, दिवसातून वीस-बावीस वेळा लघवीला जावं लागतं, रात्री तीन-चारदा उठते. सुरुवातीला दरवेळी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं, कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) मात्र कधीच काही आलं नाही. मागच्या वर्षी युरॉलॉजिस्टनी दुर्बिणीने तपासून इंटरस्टिशियल सिस्टायटिस (जंतू नसतानाही लघवीची पिशवी दुखत राहण्याचा आजार) आहे म्हणून सांगितलं, आता रात्री अमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी घेते. काय खायचं नाही याची साठ पदार्थांची यादी मिळाली, ती प्रिंट काढून फ्रिजवर लावलीय. पाच महिने झाले, दूधभात, मऊ खिचडी, बटाटा आणि केळं एवढ्यावरच आहे. सात किलो वजन उतरलं, हिमोग्लोबिन ९.४ आलंय, केस मूठमूठ गळतात. त्रास कमी आहे पण गेला नाही, आणि दुखायला लागलं की वाटतं आपणच काहीतरी चुकीचं खाल्लं. शाळेत पाणी पीतच नाही. सासूबाई म्हणतात असं आजाऱ्याचं किती दिवस खाणार. आता हरतालिका, गणपती, गौरी आल्या. मी आणखी काय बंद करू? आणि माझं वेगळं करा म्हटलं तर नखरा वाटेल का?"

तुला 'तू'च म्हणते, चालेल ना? तुझं पत्र मी परवा रात्री वाचलं आणि "आणखी काय बंद करू" या वाक्यापाशी थांबले, कारण हेच वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी माझ्या डॉक्टरांसमोर बसून म्हटलं होतं, शब्दन् शब्द. मलाही हाच आजार आहे. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही, पण ह्या लघवीच्या पिशवीबरोबर अकरा वर्षं संसार केलाय, त्यातून कळलं ते सांगते आणि जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तुला त्यांच्याकडेच पाठवते.

तर उत्तर आधी देऊन टाकते. आणखी काहीही बंद करायचं नाही. तुझ्याकडे बंद करण्यासारखं उरलंयच काय गं? चार पदार्थ. आता उलट दिशेने जायचंय, एकेक पदार्थ घरात परत आणायचाय, आणि तो कसा आणायचा यावरच हे सगळं उत्तर आहे.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि ही टाळू नकोस. सात किलो वजन जाणं हे "कमी खाते म्हणून" असेलही, बहुतेक तसंच असेल, पण ते गृहीत धरू नकोस. आपल्याकडे लघवीच्या मार्गाचा टीबी अजूनही असतो आणि त्यातही असंच होतं, सारखी लघवी, दुखणं, लघवीत पू पेशी दिसतात आणि साध्या कल्चरमध्ये काही उगवत नाही. तुझी दुर्बिणीची तपासणी झालीय म्हणजे डॉक्टरांनी हे बघितलं असण्याची शक्यता खूप आहे, तरी पुढच्या वेळी जाशील तेव्हा स्पष्ट विचार, "टीबीची तपासणी झालीय ना माझी?" आणि वजन किती कमी झालं तो आकडा त्यांना सांग. लघवीत रक्त दिसलं, ताप आला, तर वाट बघू नकोस. आणि यापुढे कुणीही अँटिबायोटिक लिहून दिलं तर आधी कल्चरला नमुना दे, मग गोळी. हा आजार काही हल्लीचं फॅड नाही किंवा मनाचे खेळ नाहीत, १९१५ साली गाय हनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मूत्राशयातल्या ज्या जखमांबद्दल लिहिलं त्यांना आजही हनरचंच नाव आहे. सगळ्यांना त्या जखमा दिसत नाहीत, पण दुखणं खरंच असतं. हे सासूबाईंना सांगायला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

आता ती फ्रिजवरची यादी.

ती खोटी नाही. २००७ साली अमेरिकेत ह्या आजाराच्या १०४ पेशंटना विचारून एक पाहणी प्रसिद्ध झाली होती, त्यातल्या ९० टक्क्यांच्या आसपास लोकांनी सांगितलं की काही ना काही खाल्ल्या-प्यायल्यावर आमचं दुखणं वाढतं. त्रास देणाऱ्यांत पुढे कॉफी, चहा, सोडा घातलेली पेयं, दारू, लिंबू-संत्र्याच्या जातीची फळं आणि त्यांचे रस, टोमॅटो, तिखट मिरची, कृत्रिम गोडी, व्हिटॅमिन सी च्या गोळ्या. म्हणजे जेवणाचा आणि दुखण्याचा संबंध आहे, तो तुझा भ्रम नाही. असं मानतात की आपल्या पिशवीचं आतलं अस्तर विरळ झालेलं असतं आणि लघवीतलं आम्ल, पोटॅशियम वगैरे आतल्या नसांना जाऊन झोंबतं. पण गोष्ट अशी की कुणाला कशाने होतं हे माणसागणिक बदलतं. सगळ्यांना सगळ्याने होत नाही, बहुतेकांना मोजक्या पाच-सात गोष्टींनी होतं, आणि यादी करणारा बिचारा सगळ्यांच्या पाच-सात गोष्टी एकत्र करून साठ करतो. तू केळं खातेस ना, ते काही याद्यांमध्ये चालतं आणि काहींमध्ये चालत नाही! तुझ्या यादीत चालतं म्हणून तू त्याच्यावर कधी संशयच घेतला नसशील. कदाचित ते निर्दोष असेलही. पण तपासलंस का?

माझं सांगते. मी दोन वर्षं वांगं खाल्लं नाही. भरली वांगी खाल्ली की रात्री जाग ठरलेली, मी वांग्याला दोषी ठरवून मोकळी. मग एकदा बहिणीकडे वांग्याची काप खाल्ली, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर केलेली, आधी विसरून खाल्ली आणि मग रात्रभर भीतीने जागी राहिले, काही झालं नाही. मग लक्षात आलं की आमच्याकडे भरल्या वांग्यात लिंबाएवढी चिंच कोळून घालतात. त्रास चिंचेचा होता, वांगं फुकट दोन वर्षं घराबाहेर. अशी किती वांगी तुझ्या त्या साठात असतील सांग.

म्हणून असं कर. एक वही घे, मोबाइलवर नको, कागदाची, रात्री उशाशी ठेवता येईल अशी. पहिले दोन आठवडे आत्ता खातेस तेच खा आणि फक्त लिहीत जा. किती वाजता काय खाल्लं, लघवीला किती वेळा गेलीस, दुखणं दहापैकी किती, आणि हे फार महत्त्वाचं, पाळी कधी, पोट साफ झालं का, झोप किती, एसटीने उभ्याने गेलीस का, शाळेत तपासणी होती का, नवऱ्याशी जवळीक झाली होती का. कारण दुखणं काही जेवणानेच वाढतं असं नाही. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते:

"गुरुवार. स. ७ दूध, २ पोळ्या. ११ अर्धा चहा. १.३० वरणभात, दुधी. ५ पपई. रा. ८ मूगखिचडी. लघवी १९. दुखणं ६. पाळीला ३ दिवस. पोट साफ नाही कालपासून. पपई?"

त्या "पपई?" वर मी चार महिने पपई सोडली होती. नंतर तीन महिन्यांची पानं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा दिसलं की पाळीच्या आधीचे चार दिवस दरवेळी दुखणं सहाच्या वर, पपई असो नसो. तू म्हणतेस ना, दुखायला लागलं की आपणच काहीतरी खाल्लं असं वाटतं, त्याचं उत्तर कुणी तुला तोंडाने देऊन पटणार नाही, तुझ्याच अक्षरात बघितलंस की पटेल.

दोन आठवड्यांनी एकेक पदार्थ परत. एका वेळी एकच! पहिल्या दिवशी दोन घास, दुसऱ्या दिवशी वाटीभर, मग तिसरा दिवस नुसता थांबून बघायचं. कुणाला तासाभरात कळतं, कुणाला चार-पाच तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. तीन दिवस शांत गेले की तो पदार्थ तुझा, यादीवर काट मार. त्रास झाला तर आठ-पंधरा दिवस थांबून परत एकदा बघ, दोनदा झालं तरच बाजूला ठेव, एकदा दुखलं म्हणून जन्मठेप नको. आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात, प्रवासात, परीक्षेच्या धामधुमीत नवीन काही आणू नकोस, काय कशाने झालं ते कळणारच नाही.

कुठून सुरू करायचं, तर आंबट-तिखट नव्हे, ज्याची तुझ्या रक्ताला आत्ता गरज आहे तिथून. ९.४ हिमोग्लोबिनवर दूधभात म्हणजे उपासच आहे तो. आधी डाळी. मुगाचं वरण, मग मसूर, मग तूर. अंडं खात असशील तर उकडलेलं अंडं, कोंबडी खात असशील तर आलं-लसूण बेताचं घालून अळणी सूप, घरचं ताजं पनीर, शेंगदाणे आणि बदाम. ह्या गोष्टी आपल्यासारख्या बहुतेकांना सोसतात. भाज्यांमध्ये दुधी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, गाजर, कोबी, फ्लॉवर, मग मेथी, शेपू, चवळीची पालेभाजी. कोबी-फ्लॉवर मुद्दाम सांगते कारण लिंबू, आवळा, पेरू बंद असताना व्हिटॅमिन सी थोडं तरी तिथून मिळतं, आणि ते मिळालं की लोह अंगी लागायला मदत होते. भाकरी सुरू कर, ज्वारीची, नाचणीची. फळांमध्ये नासपती, कलिंगड, पपई, गोड पिकलेलं, आंबट लागेल ते नको. लोहाची गोळी सुरू झाली तर पाकिटावर बघ, बऱ्याच गोळ्यांमध्ये व्हिटॅमिन सी सोबत घातलेलं असतं, डॉक्टरांना सांगून त्याशिवायची मागून घे. बी कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी पिवळीजर्द होते, त्याला घाबरू नकोस, तो रंग गोळीचा असतो.

हे सगळं एखाद्या आहारतज्ज्ञाबरोबर बसून करता आलं तर उत्तम, तालुक्याला नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी एकदा जाऊन ये, ही वही घेऊन जा. वही बघितली की त्यांनाही बोलायला काहीतरी हातात मिळतं.

चहाचं तू पत्रात लिहिलंच नाहीस, म्हणून विचारते. दूधभात-खिचडी-बटाटा-केळं लिहिलंस, पण शाळेच्या स्टाफरूममधला चहा? चहा आपण खाण्यात धरतच नाही ना. माझ्या ओळखीच्या एका मावशींनी टोमॅटोपासून काकडीपर्यंत सगळं सोडलं होतं आणि दिवसाला पाच कप चहा चालू, त्यातले दोन सोमवारच्या उपासाला रिकाम्या पोटी. घेत असशील तर एकदम तोडू नकोस, डोकं धरतं आणि चिडचिड होते, दोन आठवड्यांत हळूहळू अर्ध्यावर आण, पुढे एक कपावर, तोही काहीतरी खाऊन झाल्यावर. त्याच्या जागी वेलची घातलेलं गरम दूध, बडीशेपेचं पाणी, धने-जिऱ्याचं पाणी. शेवटी एक कप सोसतो असं वहीत दिसलं तर घे की, सुखाने घे.

आणि छुप्या गोष्टी. साधं वरण काळजीने खायचं आणि चिवड्याच्या पाकिटात सायट्रिक ॲसिड असतं ते कळतच नाही. फरसाण, सॉस, पाकिटातलं सूप, नूडल्सचा मसाला, इनो, साखर नसलेल्या गोळ्या-सरबतं, चघळायची व्हिटॅमिन सी ची गोळी, चायनीजमधला अजिनोमोटो. क्रॅनबेरीची पुडी तुला कुणीतरी दिलीच असेल, इन्फेक्शनवाल्यांना कधी कधी तिचा उपयोग होतो पण आपल्यासाठी ती नुसतीच आंबट, मला तिने आठवडाभर रडवलं होतं. आपल्याकडे लघवीला जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणतात आणि शेजारणी प्रेमाने लिंबू सरबत, कोकम सरबत, ताक, शहाळं घेऊन येतात. साध्या उन्हाळीला ते ठीक असेल, आपल्या आजारात लिंबू-कोकम उलटं झोंबू शकतं आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं त्यामुळे तेही आधी दोन घोट घेऊन तपासायचं. त्यांना नाही म्हणताना वाईट वाटतं ते मला माहीत आहे. "डॉक्टरांनी धने-जिऱ्याचं पाणी सांगितलंय" म्हण, त्या लगेच करूनही आणतात.

पाण्याबद्दल मात्र मला थोडं रागावायचंय. शाळेत पाणी पीत नाहीस म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच लघवी घट्ट होत जाते, आणि घट्ट लघवी म्हणजे तेच आम्ल, तेच क्षार जास्त जोरात. दुपारनंतर तुझं दुखणं वाढत असेल तर खिचडीवर संशय घेण्याआधी ह्या आठ तासांवर घे. पाणी न पिण्याचं कारण मला कळतं, मुलींच्या संडासाला कडी नाही किंवा पाणी नाही किंवा तो मैदानाच्या पलीकडे आहे, किंवा वर्ग सोडून सारखं उठलं की कुणीतरी बोलतं. बायकांनी लघवीला जावं लागेल म्हणून पाणीच प्यायचं नाही हे इतकं घरोघरचं आहे की मुंबईत २०११ साली बायकांनी "राइट टू पी", म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, म्हणून चळवळ उभी केली. तू मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र दे, त्यात आजाराचं नाव आणि "वारंवार स्वच्छतागृहात जाण्याची गरज" एवढंच लिहिलेलं असलं तरी पुरतं. एकदा अवघड वाटेल. मग अर्धा लिटरची बाटली टेबलावर, दर अर्ध्या-पाऊण तासाला दोन-तीन घोट, एकदम गटागटा नाही. दिवसभरात दीड-दोन लिटर, लघवी फिकट पिवळी दिसेल इतपत. झोपायच्या दोन तास आधी आवरतं घे. किडनीचा किंवा हृदयाचा काही आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून.

पोट साफ होतं का हे लिहिलं नाहीस, पण दूधभात-बटाट्यावर, पाणी न पिता आणि वर अमिट्रिप्टिलिन, त्या गोळीने तोंड कोरडं पडतं आणि पोट बांधतं, म्हणजे होत नसणारच. भरलेलं आतडं शेजारच्या पिशवीवर दाबतं आणि ओटीपोटाचे स्नायू आखडतात. भाकरी, भोपळा, पपई, रात्री कोमट पाणी, लागलं तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. आणि कुणी केगलचे (लघवी रोखतो ते स्नायू आवळायचे) व्यायाम सांगितले तर थांब, आपले ते स्नायू आधीच आवळलेले असतात, आपल्याला ते सैल सोडायला शिकावं लागतं, त्यासाठी पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ह्याच स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात, मोठ्या शहरांत मिळतात. ती अमिट्रिप्टिलिनची गोळी बघून घरात कुणी "डिप्रेशनची गोळी घेते" म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस आणि बंदही करू नकोस, कमी डोसमध्ये ती नसांच्या दुखण्यावर देतात.

आता वेगळा स्वयंपाक. तू विचारलंस की नखरा वाटेल का. मला वाटतं तू प्रश्नच वेगळा मांडायला हवास, कारण वेगळा स्वयंपाक लागतच नाही. आपल्या जेवणात आंबट आणि तिखट दोन्ही शेवटी घालता येतं. तुरीची डाळ शिजवली, तुपात जिरं-हिंग-कढीपत्त्याची फोडणी दिली, हळद, मीठ, गुळाचा खडा, ओलं खोबरं घातलं, एक उकळी आली की तुझी वाटी काढून झाकून ठेवायची, मग उरलेल्या पातेल्यात आमसूल आणि तुमचा कांदा-लसूण मसाला घालून पाच मिनिटं खळखळू द्यायचं. पातेलं एकच, गॅस एकच. भाजीचं तसंच. रविवारी मटण असेल तर तांबडा रस्सा तुझा नाही, पण पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखसच तर असते, हिरवी मिरची आणि मिरी पडायच्या आधी वाटी काढून घे आणि नियमाप्रमाणे तीन दिवस बघ. कोल्हापुरात राहून पांढरा रस्सासुद्धा न खाता पाच महिने काढलेस तू!

सासूबाईंना हे "माझं वेगळं करा" म्हणून सांगू नकोस, "आमसूल टाकायच्या आधी माझी वाटी काढता का" एवढंच सांग. स्वयंपाक करणाऱ्या बाईला "हे चालत नाही, तेही चालत नाही" ऐकलं की आपलं हातचं नाकारल्यासारखं वाटतं, आणि "एवढ्यात काढा" म्हटलं की ते काम वाटतं, जमणारं काम. त्या "आजाऱ्याचं किती दिवस खाणार" म्हणतात त्यात टोमणा असेलही, मी काही तुमच्या घरात नाही, पण सात किलो उतरलेली सून रोज समोर बघून एखादी बाई काळजीनेही असंच बोलते. फ्रिजवरची यादी मात्र काढ. तिच्या जागी चालतं ते लिहून लाव, आज त्यावर चारच नावं असतील, दर आठवड्याला एखादं वाढव, सगळ्या घराला दिसू दे. आणि जेवायला सगळ्यांबरोबर बस. पत्रात लिहिलं नाहीस पण मला शंका आहे की तू तुझी वाटी घेऊन आधी किंवा नंतर एकटी जेवतेस, मी तसंच करायचे.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन ओळी मधेच. ज्यांना खरंच वारंवार इन्फेक्शन होतं, कल्चरमध्ये जंतू येतात, त्यांनी आंबट बंद करून काही होत नाही, त्यांना पाणी आणि योग्य औषध. ज्यांना दुखत नाही पण एकदम घाई होते, थेंब जातो, त्यांनी चहा-कॉफी-कोल्ड्रिंक कमी करून बघावं, चिंचेला हात लावायची गरज नाही. आणि पुरुषांनाही हा आजार होतो, वर्षानुवर्षं प्रोस्टेट म्हणून औषधं घेत राहतात, दुखणं पिशवी भरल्यावर वाढत असेल आणि लघवी केल्यावर उतरत असेल तर डॉक्टरांना तसं नेमकं सांगा.

आता सण. हरतालिकेचा उपास निर्जळी करू नकोस, कृपा करून. बारा-पंधरा तास पाणी नाही म्हणजे काय होईल ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पाणी, दूध, चालणारी फळं, उकडलेला बटाटा तुपाजिऱ्यावर, राजगिऱ्याचा लाडू. पूजा सगळी कर.

गणपतीच्या दिवशी उकडीचा मोदक. तांदूळ, खोबरं, गूळ, वेलची, वर तूप. वहीत खोबरं आणि गूळ त्याआधी पास करून घे म्हणजे त्या दिवशी धाकधूक नको. गौरी येतात त्या दिवशी तुमच्याकडे शेपूची भाजी-भाकरी असते ना, मिरची घालण्याआधी वाढून घे. गौरीजेवणाच्या ताटात पंचामृत, कटाची आमटी, अळूचं फदफदं, कोशिंबीर ह्या सगळ्यांत चिंच, दही नाहीतर लिंबू, तेवढं सोड, किंवा नैवेद्य म्हणून बोटभर चव घे. पुरणपोळी मात्र दुधाशी नाहीतर तुपाशी खा, वरणभात तूप आहेच, काकडी चिरून वेगळी घे. ताट भरलेलं दिसतं बघ.

आणि मधे ऋषिपंचमी. त्या दिवशीची भाजी तू करायला घे, ह्या वर्षी तूच. भोपळा, पडवळ, दोडका, मक्याच्या कणसाचे तुकडे, भेंडी, थोडे भिजवलेले शेंगदाणे, ना तेल, ना मसाला, ना तिखट, वरून ओलं खोबरं. अळू आणि सुरण खाजतात म्हणून त्यात चिंच किंवा अंबाडी घालतात, तर ह्या वेळी अळू-सुरण वगळ, म्हणजे आंबटाचं कामच नाही. मोठ्या पातेल्यात कर, सगळ्यांना पुरेल एवढी. सासऱ्यांपासून पोरांपर्यंत त्या दिवशी सगळं घर तेच खाणार, तुझी वाटी काढून ठेवावी लागणार नाही. दुसऱ्या दिवशी वहीत काय लिहिलंस ते मला कळव.